बरा म्हणजे किती बरा?

मराठीतला ‘बरा’ हा शब्द दोन कामं करतो. आजारातून उठलेल्या माणसाबद्दल आपण ‘तो बरा झाला’ म्हणतो, आणि नाटक कसं होतं या प्रश्नाला ‘बरं होतं’ असंही उत्तर देतो. पहिल्या वाक्यात काहीतरी पूर्ण झालेलं असतं. दुसऱ्यात हात आखडून दिलेले मार्क असतात. मी अनुवादाचं काम करते आणि रायपूरला सदर बाजाराच्या मागच्या गल्लीत राहते. इथे एकाच दिवसात घरात मराठी, रस्त्यावर हिंदी, पेढीवर मारवाडी आणि भाजीवालीकडे छत्तीसगढी कानावर पडते, आणि आजारी माणसाची चौकशी या सगळ्या भाषांत होते. हिंदीतल्या ‘ठीक’लाही ‘बरा’सारखीच दोन टोकं आहेत. छत्तीसगढीतला ‘बने’ मात्र मोकळेपणाने ‘चांगलं’ म्हणतो.

मानसिक आजाराच्या बाबतीत ही ‘बरा’मधली कसर नुसती भाषेची राहत नाही. स्किझोफ्रेनियावरच्या औषधांनी भास थांबतात, संशय ओसरतो, झोप लागते, घर शांत होतं. त्याच वेळी काहींचा विचाराचा वेग मंदावतो, काहींचं लक्ष आणि तात्पुरतं स्मरण ढिलं पडतं, काहींना तसं काहीच होत नाही आणि काहींची तर आधी विस्कटलेली घडी थोडी बसते. गोळी तीच, डोसही तोच. असं का होतं याचा एक भाग जन्मतः मिळालेल्या जनुकांत आहे, असं गेली पंचवीसएक वर्षं संशोधक सांगत आहेत. किती भाग, हा वादाचा विषय आहे. मला इथे त्या वादाच्या आडून उभा राहणारा दुसरा प्रश्न विचारायचा आहे. एकच औषध दोन माणसांकडून वेगवेगळी किंमत वसूल करत असेल, तर ‘बरा झाला’ हे ठरवण्याचा अधिकार कुणाचा?

माझा एक मावसभाऊ सदर बाजारातल्या एका सराफी पेढीवर हिशेबाचं काम करायचा. दागिना काट्यावर ठेवला की वजन, त्या दिवसाचा भाव, घडणावळ, जुन्या सोन्यातली घट हे सगळं तो तोंडी सांगे, मालकाचं बोट कॅल्क्युलेटरवर जायच्या आत. तिशी उलटल्यावर त्याला समोरच्या दुकानातली माणसं आपल्याविषयी खुणांनी बोलतात असं वाटू लागलं. मग रात्री आवाज येऊ लागले. पुढची दोन वर्षं त्या घराने जे सोसलं ते मी इथे मांडणार नाही. ज्यांच्या घरात हे झालं आहे त्यांना ते सांगायची गरज नाही. औषध सुरू झालं आणि काही महिन्यांत आवाज गेले. मावशी म्हणाली, ‘देवाची कृपा. आता अगदी बरा आहे गं. जेवतो, झोपतो, कुणाला त्रास नाही.’ दादा मला एकदा एकटा असताना म्हणाला, ‘आवाज गेले हे खरं. पण त्यांच्याबरोबर आकडेही गेले. चार आकडे डोक्यात धरले की पहिला निसटतो.’ दोघंही खरंच बोलत होते. अडचण तीच आहे.

अडचण नवी मात्र नाही. या औषधांचा इतिहास बघितला तर ती पहिल्या दिवसापासून तिथे आहे. क्लोरप्रोमाझिन हे या वर्गातलं पहिलं औषध १९५० च्या डिसेंबरात फ्रान्समध्ये तयार झालं. आन्री लाबोरी या शल्यविशारदाने ते भूल देण्याच्या कामात वापरून पाहिलं, तेव्हा रुग्ण जागा असूनही आजूबाजूच्या गोष्टींविषयी उदासीन होतो हे त्याच्या लक्षात आलं. १९५२ मध्ये पॅरिसच्या सँत-आन रुग्णालयात झाँ दले आणि पिएर दनिकर यांनी ते मनोरुग्णांना दिलं. पुढे त्यांनी या औषधांना ‘न्यूरोलेप्टिक’ असं नाव दिलं. ग्रीक धातूंवरून बनवलेल्या या शब्दाचा अर्थ साधारण ‘मज्जासंस्थेला धरून ठेवणारं’ असा होतो. त्यांनी दिलेल्या व्याख्येत हालचाल आणि मन यांत येणारी उदासीनता हे औषध लागू पडल्याचं एक लक्षण होतं. म्हणजे आज ज्याला आपण दुष्परिणाम म्हणतो, त्यातला काही भाग तेव्हा परिणाम म्हणूनच मोजला जात होता. ‘अँटिसायकॉटिक’, म्हणजे विकृतीच्या विरोधात जाणारं, हा शब्द पुढे रुळला. जुना शब्द औषध माणसाला काय करतं ते सांगत होता. नवा शब्द ते कशाच्या विरोधात आहे ते सांगतो. या शब्दबदलात माणूस वाक्यातून बाहेर पडला आणि आजार आत आला.

आपल्याकडेही या गोष्टीचा एक धागा आहे. सर्पगंधा ही छत्तीसगडच्या जंगलात मिळणारी, आता दुर्मीळ होत चाललेली वनस्पती. बिहारकडे तिला ‘पागल की दवा’ म्हणत. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि रक्तदाब या दोन्हींवर तिचा उपयोग होतो असं लिहिलं. १९४९ मध्ये मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरचा आपला अनुभव ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केला, आणि मग जगाचं लक्ष तिकडे गेलं. तिच्यापासून वेगळं काढलेलं रेसर्पिन १९५४ च्या सुमारास अमेरिकेत मनोरुग्णांना देऊ लागले. काही वर्षांत ते मागे पडलं. काही रुग्ण त्याने खिन्न होतात हे त्यामागचं एक कारण होतं. खिन्न झालेला रुग्णही बाहेरून शांतच दिसतो. घराला आणि वॉर्डाला हवी असलेली शांतता आणि रुग्णाच्या आतलं हवामान या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे तेव्हाही कुणाच्या तरी लक्षात आलं होतं.

इथे एका गोष्टीचा न्याय करायला हवा. डोकं मंदावण्याचा सगळा दोष औषधावर टाकणं खोटं ठरेल. एमिल क्रेपेलिनने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या आजाराला ‘डिमेन्शिया प्रिकॉक्स’ म्हटलं, म्हणजे अकाली आलेला बुद्धिनाश. तेव्हा यातलं एकही औषध अस्तित्वात नव्हतं. लक्ष, स्मरण, नियोजन यांवर आजार स्वतःच घाव घालतो, पुष्कळदा पहिला भास होण्याच्याही आधी. ऑयगेन ब्लॉयलरने १९०८ मध्ये ‘स्किझोफ्रेनिया’ हा शब्द दिला आणि मराठीत आपण त्याची ‘छिन्नमनस्कता’ केली. दुभंगण्याची प्रतिमा एवढी ठसठशीत होती की आजारातला तो संथ, न दिसणारा बुद्धीचा क्षय शब्दातून गळूनच गेला. जपानने २००२ मध्ये आपल्या भाषेतलं या आजाराचं नाव अधिकृतपणे बदललं, कारण जुन्या नावात मन फाटल्याची कल्पना होती आणि डॉक्टर ते नाव रुग्णाला सांगायलाच कचरत. तेव्हा दादाचे आकडे आजाराने नेले, औषधाने नेले की दोघांनी वाटून नेले, हे एका माणसाकडे पाहून सांगता येत नाही. जनुकांचं संशोधन नेमकं इथे काहीतरी उलगडून दाखवील अशी आशा होती.

ती आशा थोडक्यात अशी. मेंदूच्या पुढच्या भागात, कपाळामागे, आपण आकडे क्षणभर धरून ठेवतो, दोन गोष्टी ताडून पाहतो, पुढची चाल ठरवतो. त्या भागाला नीट काम करायला डोपामिन हे रसायन योग्य मापात लागतं. कमी झालं तरी काम बिघडतं, जास्त झालं तरी बिघडतं. इथलं डोपामिन मोडण्याचं बरंचसं काम सीओएमटी नावाचं एन्झाइम करतं. त्याच्या जनुकात एका जागी दोन प्रकार आढळतात: एकात व्हॅलिन हे अमिनो आम्ल असतं, दुसऱ्यात मेथिओनिन. व्हॅलिनवालं एन्झाइम डोपामिन झपाट्याने मोडतं, मेथिओनिनवालं सावकाश. दोन्ही प्रकार निरोगी माणसांत सर्रास आढळतात. यात रोगट असं काही नाही. २००१ मध्ये मायकेल एगन, डॅनियल वाइनबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की कपाळामागच्या भागाची परीक्षा घेणाऱ्या एका चाचणीत या फरकाचा परिणाम दिसतो. २००४ मध्ये इटलीतल्या बारी इथल्या अलेस्सांद्रो बेर्तोलिनो यांच्या गटाने ओलान्झापिन घेणाऱ्या रुग्णांच्या एका छोट्या गटाला आठ आठवडे तपासलं. मेथिओनिनवाल्यांच्या कार्यस्मृतीत जास्त सुधारणा दिसली. एकच गोळी, पण डोक्यातला जमाखर्च वेगळा.

यानंतर ज्या गोष्टी घडल्या त्याही सांगायला हव्यात. पुढचे सगळे अभ्यास एका सुरात बोलले नाहीत. काहींत हा फरक दिसला, पुष्कळांत दिसला नाही. एगन यांच्या मूळ अभ्यासातही त्या चाचणीतल्या चुकांमध्ये माणसामाणसांत जो फरक होता, त्यातला सुमारे ४ टक्केच भाग या जनुकाने समजावता येत होता. उरलेला ९६ टक्के भाग इतर शेकडो जनुकं, शिक्षण, पोषण, झोप, वय आणि नशीब यांत विखुरलेला आहे. अमेरिकेत १४०० हून अधिक रुग्णांवर झालेल्या ‘केटी’ या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००५ पासून येऊ लागले. तिथे अठरा महिन्यांच्या आत ७४ टक्के लोकांनी ठरवून दिलेलं औषध सोडलं किंवा त्यांना ते बदलावं लागलं. बुद्धीच्या चाचण्यांत सगळ्याच औषधांनी थोडी सुधारणा दिसली, नव्या आणि जुन्या औषधांत मोठा फरक दिसला नाही. त्याच सुमारास टेरी गोल्डबर्ग आणि सहकाऱ्यांनी विचारलं, की ही सुधारणा औषधाची आहे, की तीच चाचणी पुन्हा दिल्याने झालेल्या सरावाची? तेव्हा रक्त तपासून ‘या औषधाने तुमचं डोकं मंदावेल’ किंवा ‘मंदावणार नाही’ असं सांगणारी विश्वासार्ह चाचणी आज नाही.

जनुकांचं सगळंच इतकं धूसर आहे असं मात्र नव्हे. हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन, अ‍ॅरिपिप्राझोल ही औषधं यकृतात मोडणारं सीवायपी२डी६ हे एन्झाइम काही माणसांत जवळजवळ कामच करत नाही, तर काहींत अति वेगाने करतं. पहिल्या माणसाच्या रक्तात तोच डोस जास्त साचतो, दुसऱ्याच्या रक्तातून लवकर निघून जातो. हे भक्कमपणे सिद्ध झालेलं आहे. फिटच्या आणि मूडच्या आजारांत वापरल्या जाणाऱ्या कार्बामाझेपिनबाबत तर एचएलए-बी १५०२ हा जनुकप्रकार असलेल्या माणसांना त्वचा सोलून निघण्याइतकी भयंकर प्रतिक्रिया येण्याचा धोका खूप वाढतो. २००७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने आशियाई वंशाच्या रुग्णांची आधी तपासणी करण्याची सूचना औषधाच्या माहितीपत्रकात घातली. तिथे जनुक जवळपास हो किंवा नाही असं उत्तर देतं. बुद्धीच्या बाबतीत ते पुटपुटतं.

मग पुटपुटण्यावर नैतिक विचार उभा करायचा का? मला वाटतं करता येतो, पण तो कशावर उभा करतो हे नीट पाहिलं पाहिजे. सीओएमटीचं ४ टक्क्यांचं सत्य उद्या आणखी लहान ठरलं तरी एक गोष्ट शिल्लक राहते. एकाच डोसचं ओझं सगळ्यांना सारखं नसतं आणि त्यातला फरक माणसाच्या इच्छाशक्तीतून किंवा स्वभावातून आलेला असतोच असं नाही. या एका वाक्याने आपल्या घराघरांतलं एक जुनं वाक्य निकालात निघतं: ‘इतरांना चालतं, मग यालाच काय होतं?’ हे वाक्य मावशीही म्हणते, औषध दुकानदारही म्हणतो आणि गर्दीच्या ओपीडीत दमलेला डॉक्टरही म्हणतो. त्यात गृहीत असं असतं, की औषध सगळ्यांकडून सारखं घेतं, म्हणून जो जास्त कुरकुर करतो तो आळशी, हट्टी किंवा अजून आजारी. जनुकांच्या अभ्यासाने अजून आपल्या हाती चाचणी दिलेली नाही. त्याने आपल्या हातून एक सबब काढून घेतली आहे, आणि नैतिकदृष्ट्या मला ती देणगी मोठी वाटते.

सराफाला हे समजावून सांगावं लागत नाही. दोन बांगड्या एकाच वजनाच्या असल्या तरी तो दोन्हींना सारखी घट धरत नाही. आधी कसोटीवर ओढतो. सगळ्यांना सरसकट सारखी घट लावणारा व्यापारी आपण समदर्शी आहोत असं म्हणू शकेल, पण बाजार त्याला प्रामाणिक म्हणणार नाही. समान डोस म्हणजे समान वागणूक, ही समजूत अशाच सरसकटपणाची आहे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. जनुकांना बोलायला लावलंत की माणसाचं बोलणं आणखीच बंद होईल. आज दादा म्हणतो, ‘आकडे निसटतात.’ उद्या रिपोर्ट पुढे करून कुणी म्हणेल, ‘तुझ्या जनुकांत तर सगळं ठीक आहे, हे तुझ्या मनाचे खेळ.’ भीती खरी आहे. आपल्या समाजात तिला आणखी एक पदर आहे. औषध यकृतात कसं मोडतं हे सांगणारा कागद आणि आजार वंशात आहे असं सांगणारा कागद यांत सोयरीक जुळवायला बसलेली माणसं फरक करणार नाहीत. ‘जनुकांची तपासणी झाली’ एवढंच कानावर गेलं की बहिणीचं स्थळ परत जाऊ शकतं. एका माणसाच्या शरीरातून काढलेली ही माहिती कधीच फक्त त्याची नसते. भाऊ, बहीण, मुलं यांची काही वाटणीही तीत असते, आणि त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

हा आक्षेप मी मान्य करते, आणि त्यातूनच पुढची पायरी निघते. जनुकाचा रिपोर्ट पुरावा म्हणून वापरायचा असेल तर एकाच दिशेने वापरावा: माणसाच्या तक्रारीला बळ द्यायला. त्याची तक्रार खोडून काढायला तो कधीच पुरेसा नाही, कारण ४ टक्के सांगणारी गोष्ट ९६ टक्क्यांच्या विरोधात साक्ष देऊ शकत नाही. हे तर्काला धरून आहे. मोठ्या गटाच्या सरासरीत सापडलेला फरक एका माणसाविषयी फार थोडं सांगतो. त्या माणसाविषयी सर्वांत जास्त सांगणारा साक्षीदार तो स्वतःच असतो.

पण तो साक्षीदार विश्वासार्ह आहे का? हा दुसरा आक्षेप, आणि घरातली माणसं तो मोठ्याने बोलत नाहीत. ज्याला कालपर्यंत समोरचं दुकान खुणा करत होतं, त्याच्या ‘डोकं चालत नाही’ या बोलण्यावर किती भरवसा ठेवायचा? ती गोळी बंद करण्याची पळवाट तर नाही? गोळी अचानक थांबवली तर आजार उलटण्याचा धोका मोठा आहे, आणि प्रत्येक उलटण्यात माणूस थोडा आणखी गमावू शकतो. हे लेखन वाचून कुणी औषध थांबवू नये, एवढं स्पष्ट म्हणते.

तरीही तक्रार ऐकणं आणि तिच्यापुढे मान तुकवणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. ऐकण्यातून बंद करण्याव्यतिरिक्त पुष्कळ काही निघतं. आपल्याकडे या औषधांबरोबर हात थरथरू नयेत म्हणून ट्रायहेक्सिफेनिडिलची गोळी सर्रास लिहिली जाते आणि पुष्कळदा वर्षानुवर्षं तशीच चालू राहते. ती स्मरणशक्तीला जाच करते, हे डॉक्टरांना चांगलं माहीत आहे. तिची अजून गरज आहे का, हा प्रश्न विचारायला कुठलीही जनुकचाचणी लागत नाही. विडी-सिगारेटच्या धुराने यकृतातलं सीवायपी१ए२ हे एन्झाइम जोरात चालतं आणि क्लोझापिन, ओलान्झापिन लवकर मोडतात. विडी सोडली की तोच डोस रक्तात जास्त साचतो. चांगली सवय लागली म्हणून घर खूश होतं आणि माणूस मात्र गुंगीत जातो. डोस थोडा कमी करता येतो का, वेळ बदलता येते का, औषध बदलून पाहता येतं का, हे सगळे प्रश्न डॉक्टरांसमोर मांडता येतात, पण आधी कुणीतरी ‘आकडे निसटतात’ हे वाक्य त्यांच्यापर्यंत पोचवलं पाहिजे. ओपीडीत बहुतेक वेळा बोलतं घर. डॉक्टर विचारतात, ‘कसा आहे?’ आणि घर सांगतं, ‘बरा आहे.’

कायद्याने या जागेत थोडा हात घातला आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या पाचव्या कलमाप्रमाणे सज्ञान माणूस आपली निर्णयक्षमता शाबूत असताना आगाऊ लिहून ठेवू शकतो, की पुढे आजार बळावला तर मला कसे उपचार हवेत आणि कसे नकोत. आपल्या वतीने बोलणारा प्रतिनिधी कोण, हेही नेमून ठेवता येतं. मला या तरतुदीत एक सुंदर शक्यता दिसते. माणूस त्यात फक्त विजेचे झटके हवेत की नकोत एवढंच न लिहिता, ‘मला कशाची झीज चालेल आणि कशाची चालणार नाही’ हेही लिहू शकेल. एखादी म्हणेल, वजन वाढलं तरी चालेल, वाचता आलं पाहिजे. दुसरा म्हणेल, वाचन गेलं तरी हरकत नाही, हात थरथरता कामा नये, मी तबला वाजवतो. हे लिहायला शब्द मात्र लागतात.

आणि शब्दांपाशीच मोठी अडचण आहे. एका संशोधनप्रकल्पाच्या संमतिपत्राचा मराठी मसुदा तपासायला माझ्याकडे आला होता. ‘कॉग्निशन’ला मराठी विद्यापीठीय पुस्तकांत ‘बोधन’ म्हणतात, हिंदीत ‘संज्ञान’. रायपूरच्या मराठी माणसाने ‘संज्ञान’ हा शब्द वर्तमानपत्रात वाचलेला असतो तो न्यायालय एखाद्या प्रकरणाचं संज्ञान घेतं तेव्हा. त्याला वाटेल पोलिसांचं काहीतरी आहे. ‘बोधन’ वाचून कीर्तन आठवेल. सामान्य माणसाचा शब्द आहे ‘डोकं’. पण ‘डोक्यावर परिणाम झालाय’ म्हणजे वेड लागलंय, आणि ‘डोकं चालत नाही’ ही मूर्खाला द्यायची शिवी. म्हणजे औषधाने विचार मंदावल्याची तक्रार करायची तर मराठी माणसाला आजाराचा किंवा मूर्खपणाचाच शब्द वापरावा लागतो. तो तक्रार औषधाची करतो आणि ऐकणाऱ्याला कबुली आजाराची ऐकू येते. असं असताना तो गप्प राहिला तर त्याचा दोष काय?

चाचण्यांचंही असंच आहे. दिल्लीतल्या स्मिता देशपांडे आणि पिट्सबर्गच्या विश्वजित निमगावकर यांच्या गटाने जनुकीय अभ्यासासाठी वापरल्या जाणाऱ्या लांबलचक मुलाखतीची हिंदी आवृत्ती करून १९९८ मध्ये प्रसिद्ध केली. अशा कामाचं महत्त्व अनुवादकाला लगेच कळतं: चाचणी परभाषेत राहिली तर ती बुद्धीऐवजी भाषा मोजते. पण चांगला अनुवाद झाला तरी चाचणी सगळ्यांना सारखंच विचारणार. काही क्षण आकडे लक्षात ठेव, चिन्हं जुळव, पत्ते लाव. माणूस मात्र सगळ्या क्षमतांत सारखा पसरलेला नसतो. एखाद्याचा जीव तोंडी हिशेबात असतो, एखादीचा पाठ असलेल्या ओव्यांत, एखाद्याचा विनोदाच्या टायमिंगमध्ये. चाचणीत एका गुणाने घसरलेला माणूस स्वतःच्या हिशेबी सगळंच हरलेला असू शकतो, आणि पाच गुणांनी घसरलेल्याला काही गेल्याचं जाणवणारही नाही. जनुक फार तर सांगेल की डोपामिन किती वेगाने मोडतं. कुठली क्षमता म्हणजे ‘मी’ होतो, हे त्याला सांगता येणार नाही. ते विचारावंच लागतं, आणि ज्याचं त्यालाच.

आतापर्यंत मी रुग्णाच्या बाजूने बोलले. शेवटी घराच्या बाजूचंही बोलायला हवं, कारण खरा पेच तिथे आहे. ‘देवराई’ या २००४ च्या चित्रपटाने भावाच्या आजारात सापडलेली बहीण मराठी प्रेक्षकांना दाखवली. कॅलगरीत प्राध्यापक राहिलेल्या जगन्नाथ वाणी यांनी पुण्यात उभ्या केलेल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनसारख्या कामामुळे काळजी घेणाऱ्या नातेवाइकांना बोलायला जागा मिळाली. ते बोलू लागले तेव्हा कळलं की ‘त्रास नाही’ या दोन शब्दांमागे किती रात्री असतात. मावशी पंच्याहत्तरीची आहे. डोस कमी केला आणि दादाचे आकडे थोडे परत आले, पण महिन्यातून दोन रात्री तो गच्चीवर येरझारा घालू लागला, तर त्या रात्री जागायचं कुणी? रुग्णाच्या बुद्धीची किंमत कमी करायची म्हटलं की ती किंमत नाहीशी होत नाही. तिचा काही भाग दुसऱ्या कुणाच्या तरी झोपेतून जातो, आणि आपल्या घरांत ती झोप बहुतेक वेळा एका बाईची असते.

म्हणून ‘रुग्णाचं ऐका’ एवढं सांगून थांबणं मला सोपं वाटतं. ऐकल्यावर जे ऐकू येतं त्याची वाटणी करावी लागते. आज ती वाटणी न बोलता झालेली असते: शांतता सगळ्या घराची, झीज एकट्याची. झीज सगळ्यांची सारखी नसते, हे जनुकांनी दाखवून दिल्यावर ही न बोलता झालेली वाटणी न्याय्य आहे असं म्हणता येत नाही. कदाचित हिशेब मांडून, डॉक्टर, भाऊ, भावजय, शेजारी सगळ्यांना धरून, महिन्यातल्या दोन रात्री आळीपाळीने वाटून घेता येतील. कदाचित येणार नाहीत, आणि मावशीच्या वयाकडे बघून दादाच म्हणेल, असू दे, डोस आहे तोच राहू दे. तसं त्याने ठरवलं तर मी ते उदार कृत्य मानेन. पण उदारपणाला आधी ठाऊक असावं लागतं की आपण काय देतो आहोत, आणि घेणाऱ्यालाही ठाऊक असावं लागतं की काहीतरी दिलं गेलं आहे. ‘बरा आहे’ म्हणून पुढे गेलं की दोघांनाही ते कळत नाही. त्या शब्दाच्या मागे ‘किती?’ आणि ‘कशात?’ हे दोन प्रश्न जोडायला अजून कुठल्याही प्रयोगशाळेची वाट पाहावी लागत नाही.